निळी बोटे

एकदा एका जिमखान्यात बिलियर्ड्स शिकवणारे एक वृद्ध मास्तर होते. त्यांनी मारलेला चेंडू खळग्यात उतरण्याआधी काठावर क्षणभर थांबून त्यांना नमस्कार करतो, असे लोक सांगत. सांगणारे सगळे सज्जन होते, तेव्हा चेंडूच्या नम्रतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

मास्तरांचा एक शिष्य होता, मोठा ज्ञानी. अवघड विषय सोपे करून सांगणारी पुस्तके तो लिहीत असे. ग्रहणांवर लिहिले, विजेवर लिहिले, घरच्या घरी रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावर लिहिले. आता त्याने बिलियर्ड्सवर ग्रंथ सिद्ध केला होता. तो इतका जाड, की जिमखान्याचा जिना चढताना शिष्याने त्याच्यावरच बसून विश्रांती घेतली. सोबत प्रकाशक शेठ होते. मास्तर प्रस्तावना देतील तरच छापीन, ही शेठची अट. त्यामुळे शिष्याची कैक वर्षांची मेहनत त्या एका होकारावर लटकलेली.

"तू वाच, मी खेळतो," मास्तर म्हणाले. "असं समज, मी हे टेबल आज पहिल्यांदाच पाहतोय."

शिष्य वाचू लागला. डावा पाय पुढे. मास्तरांनी केला. हनुवटी काठीला लागेल इतके वाका. मास्तर वाकले, मिशा काठीवर पसरल्या. चेंडूच्या मध्यापासून किंचित डावीकडे नेम धरा. मास्तरांनी फटका मारला. काठीचे टोक सटकले आणि पांढरा चेंडू उडून थेट शेठच्या चहाच्या कपात जाऊन बसला.

शिष्याचे तोंड उतरले. मास्तरांचा चेंडू टेबलाबाहेर गेलेला त्याने कधी पाहिलाच नव्हता.

"पुन्हा वाच."

पुन्हा तेच. या खेपेस दुसऱ्या चेंडूने भिंतीवरच्या एका माजी अध्यक्षांच्या तसबिरीला टेंगूळ आले. शेठ खुर्चीमागे सरकत म्हणाले, "या पुस्तकाबरोबर हेल्मेट द्यावं लागेल."

शिष्याला राहवेना. "मास्तर, अहो, टोकाला तो निळा चॉक घासून लावा ना. कोरडं टोक सटकणारच."

"लावतो की. कुठल्या पानावर आहे?"

शिष्य पाने उलटू लागला. घर्षण होते, कोन होते, गतीची समीकरणे होती. चॉक कुठेच नव्हता. पाने उलटणारी त्याची स्वतःची बोटे मात्र सकाळच्या खेळाने निळीशार होती.

मास्तर हसले. "बाळा, चॉक तुझ्या हाताला इतका ठाऊक झालाय, की डोक्याला त्याची आठवणच राहिली नाही. विद्या अंगात मुरली की दिसेनाशी होते, आणि शिकणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. पहिल्या दिवशी तू या टेबलाचं कापड फाडलं होतंस. आठवतं?"

"आठवतं."

"त्या दिवसाच्या शेजारी बसून लिही."

शिष्याने ग्रंथ मिटला. मग एकाएकी दचकून शेठकडे वळला. "शेठ, तुम्ही माझ्या पुस्तकाबरहुकूम रक्तदाब मोजता ना?"

"रोज मोजतो. रोज आकडा चढलेला. त्या धास्तीनं वर्षभर अळणी गिळतोय."

"मोजताना काय करत असता?"

"कागदवाल्याशी फोनवर भांडत असतो. तेवढाच वेळ एक हात मोकळा सापडतो."

"अहो, आधी थोडा वेळ स्वस्थ बसायचं असतं. आणि मोजताना बोलायचं नसतं."

शेठने खुर्चीमागून डोके वर काढले. "कुठल्या पानावर आहे?"

मास्तर इतके हसले, की कपातला चेंडूदेखील डुगडुगला म्हणतात. मग शिष्यालाही हसू फुटले. त्याने तिथेच ग्रंथाचे पहिले पान खोडले आणि नव्याने आरंभ केला: 'प्रथम चॉक.' ते दोन शब्द वाचून मास्तरांनी प्रस्तावनेसाठी लेखणी मागितली. शेठ मात्र कोपऱ्यात डोळे मिटून स्वस्थ बसण्याचा सराव करत होते, आणि त्यांना ते मुळीच जमत नव्हते.

दुसऱ्याला काही शिकवायला बसण्यापूर्वी तो शिष्य आता एकदा आपली बोटे पाहून घेतो. आपणही पाहावीत.