राजीखुशीची सही

चिंचोलीच्या छापखान्यात एक भोळा गडी कामाला होता, सदोबा त्याचं नाव. भोळा म्हणजे कसा, तर सांगितलेलं काम जसंच्या तसं करणारा. यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. ऐका मग.

छापखान्याचे मालक अंबादासराव कोष्टी. साखर कारखान्याची कॅलेंडरं छापायचं काम त्यांच्या अगदी तोंडाशी आलं होतं. कारखान्याची एकच अट होती, दारावर 'सुरक्षित छापखाना' अशी सरकारी पाटी हवी. ती पाटी एका नव्या योजनेत मिळायची. योजना सगळी राजीखुशीची. छापखान्याने आपण होऊन सरकारी साहेबाला बोलवायचं, साहेबाने दंड न करता शिकवायचं, आणि तीन भेटींत सगळं ठीक दिसलं की पाटी. अंबादासरावांनी अर्ज केला आणि सदोबाला बजावलं, साहेब सांगतील त्यात काडीचा बदल करायचा नाही. मालकांना पाटी मिळवून द्यायचीच, असं सदोबानेही मनाशी पक्कं केलं.

पहिल्या भेटीला तारळेकर साहेब आले. छपाई मशीनचा पट्टा उघडाच फिरत होता. साहेब म्हणाले, "जे फिरतं ते झाकून ठेवायचं."

साहेबांची जीप वळली नाही तोच सदोबा शिडीवर चढला आणि त्याने छताच्या चारही पंख्यांना पोती बांधली. मे महिना होता. माणसं घामाने निथळली, घाम कागदांवर गळला आणि लग्नपत्रिकांचा अख्खा गठ्ठा वाया गेला. मालकांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अरे शहाण्या, जिथे माणसाचा हात जातो ते झाकायचं, पंख्यात कोण हात घालतंय? सदोबाला पटलं. त्याने पोती सोडली.

दुसऱ्या भेटीत कागद कापायच्या मशीनची पाळी आली. एकजण आत हात घालून दुरुस्ती करत असताना दुसऱ्याने चुकून बटण दाबू नये, म्हणून बटण बंद करून त्याला कुलूप लावायचं, हे साहेबांनी करून दाखवलं. "आत माणूस असला की बाहेर कुलूप, आणि किल्ली खिशात. कोणी कितीही ओरडलं तरी द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादासराव संडासात गेले. आत माणूस! सदोबाने दिवा बंद केला, बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दाराशी बसला. मालक आतून ओरडायला लागले. ओरडण्याबद्दल साहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे सदोबा हलला नाही. दीड तासाने बाइंडिंगवाल्या इंदूताईंनी कडी उचकटून मालकांना बाहेर काढलं.

बसलेल्या घशाने मालकांनी साहेबांना फोन लावला. साहेब पोट धरून हसले आणि त्यांनी सदोबाला फोनवर घेतलं. म्हणाले, अरे, ही योजना राजीखुशीची. इथे सरकारसुद्धा विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. "माणसाचं काही करायचं असेल तर आधी त्याची लेखी संमती घ्यायची. मगच हात लावायचा."

छापखान्यात कागदाला काय तोटा? सदोबाने शंभर संमतीपत्रं छापून घेतली. खाली सहीची जागा, त्याखाली दोन साक्षीदार.

तिसऱ्या भेटीला सगळं चोख निघालं. साहेब खूश झाले, पाटी टेबलावर आली. फक्त आग विझवून दाखवायची राहिली. लाल नळकांडं सदोबाच्या हातात दिलं. साहेबांनी अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये थिनरची चिंधी पेटवली. तेवढ्यात वारा आला आणि साहेबांच्या पँटने पेट घेतला.

"सदोबा, फवारा सोड," साहेब किंचाळले.

सदोबाने नळकांडं खाली ठेवलं आणि खिशातून कागद काढला.

"साहेब, राजीखुशीने ना?"

"हो रे बाबा, हो!"

"मग इथे सही करा."

साहेबांनी नाचत नाचत सही केली. सदोबा कागद घेऊन आत इंदूताईंकडे गेला. इकडे मालक जागच्या जागी उभे राहून बोंबलत होते. शेवटी साहेबांनीच शाईचे हात धुवायच्या टाकीत बसकण मारली. निळेजांभळे होऊन ते बाहेर आले, पाटी काखेत मारली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पाटी गेली, कॅलेंडरं गेली. अंबादासराव मटकन खाली बसले. म्हणाले, "समोर माणूस पेटलाय, आणि तू फवारा सोडत नाहीस?"

सदोबाने कागद त्यांच्यापुढे धरला. त्यालाही फार वाईट वाटलं होतं.

"सोडणारच होतो, मालक. साहेबांची सही झाली, इंदूताईंची झाली. दुसऱ्या साक्षीदाराची तेवढी राहिली. तुम्ही आपले नुसते ओरडत उभे राहिलात."