अस्वलमावशीचा शब्द

एका जंगलात एक खार राहत असे, असे म्हणायची पद्धत आहे; पण मुलांनो, ही खार बरीच वर्षे जंगलात राहतच नसे. लहानपणीच ती डोंगरांपलीकडच्या एका मोठ्या विद्यालयात शिकायला गेली होती. शिकून परत निघाली तेव्हा तिच्या मनात मोठमोठे बेत होते. आपले जंगल बिचारे मागे पडले असेल, सगळे अजून पाय ओढत चालत असतील, आपण जाऊन त्यांना जगाच्या बरोबरीला आणू, असे तिला वाटले होते. वेशीवर येऊन पाहते तो काय! तिला न्यायला रानडुक्कर, सांबर आणि साळिंदर चक्क सायकलींवरून आले होते.

आता सायकली कशा होत्या, तेही सांगायला हवे. माणसांनी दरीत फेकलेल्या मोडक्या सायकलींचे तुकडे जोडून त्या केल्या होत्या. कुणाचे पुढचे चाक मोठे, तर कुणाचे मागचे. तुटल्या जागी पळसाच्या मुळांचा दोर बांधलेला, साखळीला करंजाचे तेल, आणि घंटीच्या जागी गुरांच्या गळ्यातून पडलेली घुंगरे. साळिंदर नेहमी सगळ्यांच्या मागे राही, कारण त्याचा एखादा काटा वाटेत गळला, तर मागून येणाऱ्याचे चाक फुस्सकन बसे.

"कुणी केल्या या?" खारीने विचारले.

"कुणी म्हणजे? अस्वलमावशीनं!" रानडुक्कर म्हणाले. "तू गेलीस आणि तिला करमेना. रोज दरीत उतरायची, एकेक चाक पाठीवर घालून आणायची. आम्हाला शिकवताना तिनं जे धपाटे घातलेत, ते अजून पाठीत आहेत."

आईवेगळ्या खारीला मावशीनेच वाढवले होते. पण मावशी आता जंगलात नव्हती. तिचा पाय फासात अडकला, माणसांनी तिला उपचारासाठी शहराजवळच्या प्राणिसंग्रहालयात नेले, आणि पाय अधू झाल्यामुळे ती तिथेच राहिली होती.

"उद्याच तिला भेटायला जाऊ," खार म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जथा निघाला. खारीसाठी एक इवलीशी सायकल काढली होती. सांबराने शिंगांना मोहाच्या फुलांची परडी अडकवली. उतारावर घुंगरे खणखणू लागली, वारा कानांत शिरला, आणि खारही सगळ्यांबरोबर ओरडू लागली. मात्र शहराच्या गुळगुळीत, चकचकीत गाड्या दिसू लागल्या तशी ती आपल्या सायकलीच्या दोरांकडे चोरून पाहू लागली. प्राणिसंग्रहालयाचे दार दिसताच तिने सगळ्यांना थांबवले.

"सायकली त्या घाणेरीच्या झुडपांमागे ठेवा," ती हळूच म्हणाली. "आणि कुणी विचारलं, तर पायी आलो म्हणा."

"का बरं? चोरीच्या आहेत का त्या?" रानडुक्कर गुरगुरले.

"अरे, मी जग पाहिलंय. लोक कशाला हसतात ते मला माहीत आहे. दोरांनी बांधलेली ही धुडं पाहिली, तर मावशीलाच कमीपणा येईल."

साळिंदर पुटपुटले, "शिकलेली आहे ती. असेल तिचं खरं." सगळ्यांनी सायकली झुडपांत लपवल्या, अंगावरची धूळ झटकली आणि एका ओळीत आत गेले.

मावशी पिंजऱ्याच्या गजांशी उभीच होती. खारीला पाहून ती काही बोलणार, इतक्यात शेजारच्या पिंजऱ्यातला पोपट ओरडला, "थांबा, थांबा! आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. काय हो पाहुणे, कशावरून आलात?"

"पायी आलो," खार चटकन म्हणाली.

"ऐकलंत का सगळ्यांनी?" पोपट पंख फडफडवत किंचाळला. "पायी आले! पायी!" माकडे खिदळली, मगरीने शेपटी आपटली, सगळे प्राणिसंग्रहालय हसू लागले. मावशी मात्र पाय ओढत कोपऱ्यात गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली.

खारीला काही कळेना. समोरच्या डबक्यातला पाणघोडा जड आवाजात म्हणाला, "पोरी, काय केलंस हे? आम्ही सगळे इथंच जन्मलेलो. ही म्हातारी रोज आम्हाला सांगायची, आमच्या जंगलात डुकरंसुद्धा सायकल चालवतात, आणि मीच त्यांना शिकवलंय. हे सगळे तिला थापाडी म्हणायचे. काल ती पोपटाला म्हणाली, माझी मंडळी येतील तेव्हा त्यांनाच विचार. आलात, आणि तिच्याच तोंडावर तिला खोटं पाडलंत."

खारीची शेपटी खाली लोंबली. ती पिंजऱ्यासमोरच्या कठड्यावर चढली आणि ओरडून म्हणाली, "मी खोटं बोलले! आम्ही सायकलींवरूनच आलोय!"

"वा! आता आठवलं होय?" पोपट म्हणाला. "मग मीसुद्धा हत्तीवरून आलो."

खारीने ओळखले, की आता बोलून भागणार नाही. ती धावत दाराशी गेली. पण दारावरचा कुत्रा वाट अडवून म्हणाला, "सायकली आत आणायच्या नाहीत. नियम म्हणजे नियम."

"कुंपणाबाहेरच्या रस्त्याला तर तुमचा नियम नाही ना?" खारीने विचारले.

कुत्र्याने कान खाजवला. "नाही. बाहेर काय वाटेल ते करा."

मग काय विचारता! झुडपांतून सायकली निघाल्या. जाळीच्या कुंपणाला लागून चढाचा रस्ता होता, आणि तो प्रत्येक पिंजऱ्यातून दिसत असे. सगळ्यांत पुढे खार होती. लपत नव्हती, उलट शेपटीचा झेंडा करून घुंगरे जोरजोराने वाजवत होती. तिच्या मागे शिंगांवर परडी तोलणारे सांबर, मग घामाघूम रानडुक्कर, आणि ठरल्याप्रमाणे शेवटी साळिंदर.

हसणे थांबले. मगर पाण्यातून अर्धी वर आली. पोपट दांडीवर उलटा लटकला आणि तसाच राहिला.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक ओळखीचा आवाज गरजला, "ए डुकरोबा! चढावर बसून काय राहिलास? उभा राहून पॅडल मार! आणि सांबरा, मान सरळ! किती वेळा सांगायचं?"

मावशी गजांशी आली होती. अधू पायावर ताठ उभी होती. "ती पुढची बघितलीस?" ती पोपटाला म्हणाली. "ती माझी खार. मोठ्या विद्यालयात शिकलीय, आणि सायकल माझी चालवतेय!"

"मान्य, मावशी, मान्य!" पोपट म्हणाला. "पण हे मोठे झाले. लहानांचं काय?"

आता मावशी कुणाला ऐकते! "लहानांचं? आमच्याकडं डोळे उघडले की पिल्लू आधी पॅडल मारतं, मग दूध पितं! पुढच्या खेपेला येतील ना सगळी, तेव्हा बघ!"

कुंपणाबाहेर रानडुक्कर खारीच्या कानात कुजबुजले, "अगं, आपल्या एकाही पिल्लाला सायकल येत नाही."

"गप्प बस," खार म्हणाली, आणि तिने आणखी एकदा घुंगरे वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलातली सगळी पिल्ले खारीभोवती जमली. आता ही दूरच्या देशांच्या गोष्टी सांगणार, असे त्यांना वाटत होते. पण खारीने ठरवून टाकले होते: पिल्ले सायकलीवर बसल्याशिवाय दुसरा कुठलाही धडा सुरू करायचा नाही. मावशी बोलली आहे, तर ते खरे झालेच पाहिजे.

तात्पर्य : जो आपल्या गोष्टींची लाज बाळगतो, तो आपल्याच माणसांना खोटे पाडतो, आणि जो त्यांचा अभिमान बाळगतो, त्याला तो अभिमान खरा करून दाखवण्यासाठी कष्टही करावे लागतात.