एकोणिसाव्या दिवशीच्या दोन बशा

“कुणावर विश्वास ठेवू, धनपाल? तुझ्यावर, की तुझ्या कचऱ्याच्या पिशवीवर?”

डॉ. गद्रेबाईंनी झाकणबंद दोन बशा टेबलावर ठेवल्या. धनपाल चौगुलेने त्या ओळखल्या. काल त्यानेच टाकून दिल्या होत्या.

मेंदूतल्या गाठीच्या पेशी अशा बशांत वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषध तपासायचं, हे धनपालचं चार वर्षांचं काम. पेशीच्या अंगावर निरोप घेणारी दारं असतात. त्यातल्या एका दारातून ‘वाढ, वाढ’ असा निरोप सारखा आत जातो आणि गाठ फोफावते. धनपालच्या औषधाने ते दार बंद झालं. बाराच्या बारा बशांतल्या पेशी गार पडल्या. पठ्ठ्याने सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले.

एकोणिसाव्या दिवशी दोन बशांतल्या पेशी पुन्हा वाढू लागल्या.

अहवालात बशा दहाच होत्या. आता द्राक्षांची पेटी छान भरली की डागी दोन घड हळूच बाजूला सारायचा मोह भल्याभल्यांना होतो, हेही खरं.

“जंतू शिरले होते, बाई.”

“तपासलंस?”

धनपाल बशांची झाकणं न्याहाळू लागला.

“मी तपासलं. एक जंतू नाही.”

धनपालने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा. बारा वाजता इस्पितळाची समिती बसणार होती. बाकीच्या चाचण्या झाल्या होत्या, बाईंच्या सहीचा हा एकच कागद अडला होता. तो गेला की औषध पहिल्या रुग्णांना मिळणार. यादीत तिसरं नाव त्याच्या अक्काचं, थोरल्या बहिणीचं.

“सही करा, बाई. पाया पडतो. अक्काला आता माझं नावसुद्धा चटकन आठवत नाही.”

बाई उठल्या. खिडकीत कुंडी होती. तिच्यातली द्राक्षाची काडी धनपालनेच तासगावहून आणून दिली होती, ‘बघा आमच्या बागेचा माल’ म्हणत. आता वेल गजांवर चढली होती.

बाईंनी नखाने तिचा शेंडा खुडला.

“बोला बागायतदार, आता काय होईल?”

“वरची वाढ थांबेल.”

“थांबली. मग?”

धनपालने खुडलेल्या शेंड्याकडे पाहिलं. द्राक्षाच्या मांडवाखाली रांगायला शिकलेला माणूस तो...

“बगलेतून फुटेल,” अखेर तो म्हणाला. “शेंड्याचा निरोप बंद झाला की बाजूचे डोळे, म्हणजे दबलेले कोंब, जागे होतात.”

“मग तुझे वडील शेंडा मारून घरी जाऊन झोपतात?”

“नाही. बागेत फिरतात. बगलफूट दिसली की काढतात.”

“रोज?”

“...रोज.”

बाईंनी दोन्ही बशा उचलून त्याच्या हातात दिल्या.

“गाठीने दुसरं दार कुठलं उघडलं, ते फक्त या दोघींना ठाऊक आहे. नेमकं त्यांनाच तू हाकललंस. तुझा कागद वाचून डॉक्टर अक्काला म्हणतील, तीन महिन्यांनी या. एकोणिसाव्या दिवशी तिच्याकडे कोण बघेल?”

धनपालने बशा परत टेबलावर ठेवल्या.

“आणि दोन फसल्या असं लिहिलं, आणि समितीने नाहीच म्हटलं तर? मग तिने काय करायचं, बाई? सांगा ना!”



बाईंनी एक कोरा कागद ओढला. अगदी तळाशी सही केली, तारीख घातली. वरची सगळी जागा तशीच मोकळी ठेवून कागद त्याच्यापुढे सरकवला.



“हे काय, बाई? अजून तर यावर काहीच लिहिलेलं नाही...”

“चाळीस मिनिटं आहेत. बैस, लिही. नोंद खरी ठेव.”