बासन सोडणारी तानूबाई

आमच्या बोरसांगवीच्या जुन्या वाचनालयात सरस्वतीपूजनाला पोथ्यांचे प्रदर्शन भरते. शहरातले पाहुणे आत आले की दचकतात. काचेची पेटी नाही, दोरी नाही, ‘हात लावू नये’ अशी पाटी नाही. शेदोनशे वर्षांची पोथी आम्ही येणाऱ्याच्या हातात देतो. बाहेर कुठे असे करत नसतील. आम्ही करतो. त्याला कारण घडले आहे.

पूर्वी या जागी पोथीशाळा होती. केशववैद्य नावाच्या मोठ्या माणसाने आपली सगळी औषधे एका पोथीत लिहून ठेवली होती, असे सांगतात. तो गेल्यावर पाने झिजतील या भीतीने पोथी लाल कापडाच्या बासनात बांधली. हळूहळू तिचा देव झाला. बासन उघडेल त्याचे डोळे जातील, असे लोक म्हणू लागले. वर्षातून एकदा ते चौरंगावर मांडत. गाव रांग लावून हळदकुंकू वाही, पंचामृत शिंपडी. तीन पिढ्या हेच चालले.

एका वर्षी गावात घटसर्पाची साथ आली. पोरांचे गळे सुजत आणि श्वास कोंडे. दर्शनाच्या दिवशी साळ्यांची सून तानूबाई तान्हे मूल घेऊन रांगेत उभी राहिली. मुलाच्या घशातून घरघर येत होती. घटसर्पाचे औषध पोथीत आहे, हे गावाला ठाऊक होते. तानूबाई चौरंगापाशी आली, पण वाकली नाही.

“भटजीबुवा, तेवढं एक पान बघा.”

पोथीशाळा अनंतभटाकडे होती. तो म्हणाला, “पोथी उघडली तर डोळे जातात, बाई. अंगारा लाव आणि पुढे हो.”

मागून एकजण बोलली, “साळ्याची सून पोथी वाचणार म्हणे! मागावरचं सूत नाही गं ते, गुंता सोडवायला.”

चारजणी हसल्या.

“डोळे माझे जाऊ द्या,” तानूबाई म्हणाली. “पोरगं राहू द्या.”

आणि कोणी पुढे होण्याआधी तिने गाठ ओढली.

बासन उघडले. आतून माती सांडली. दोन लाकडी फळ्या, आणि त्यांच्यामध्ये वाळवीचे वारूळ. पांढरे किडे चौरंगावर पसरले, वाहिलेल्या फुलांवर चढले. पान एकही नव्हते. दरवर्षी शिंपडलेल्या दुधा-मधाची ओल वाळवीला मानवली होती. आपण एवढी वर्षे कशापुढे डोके टेकवत होतो, ते सगळ्या गावाने एकदम पाहिले.

अनंतभटाने म्हणे आधी आपले डोळे चाचपले. डोळे शाबूत होते. मग तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी ती माती उकरू लागला. एखादा तुकडा, एखादी ओळ तरी मिळेल म्हणून बराच वेळ उकरत होता. काही मिळाले नाही. तो उकरत असतानाच मुलाची घरघर थांबली.

तानूबाई रडली नाही असे सांगतात. मूल पदराखाली घेतले आणि आल्या वाटेने निघाली. रांग दोन्ही बाजूंना सरली. तिच्याकडे वर मान करून पाहायची कोणाची छाती झाली नाही.

अनंतभटाने त्याच दिवशी उरलेली सगळी बासने अंगणात आणून सोडली. निम्मी खाल्लेली निघाली. जे उरले ते त्याने मोठ्याने वाचले, उतरवून घ्यायला लावले आणि शपथ घातली की इथली पोथी यापुढे वर्षभर बांधलेली राहणार नाही. आमचे पहिले प्रदर्शन ते.

आजही पहिले बासन तान्ह्या मुलाची आई सोडते. मंत्री आला तरी तो तिच्या मागे उभा राहतो. गेल्या साली एका मोठ्या पाहुण्यांनी पुढे होऊन उघड्या पोथीवर डोके टेकवले. लोहारांची सून कडेवर पोर घेऊन शेजारीच उभी होती.

“उठा साहेब,” ती म्हणाली. “आधी वाचा.”