तराफ्याची कडी

कोणे एके काळी, नदीकाठच्या एका गावात वीज नुकतीच आली होती, तेव्हा तिथे हैबती नावाचा एक कारागीर लोखंड जोडत असे. त्याच्याकडे तारेचं छोटं वेल्डिंग मशीन होतं. मशीनच्या पोटात बारीक तारेचं रीळ असे. हातातल्या नळीचा घोडा, म्हणजे खटका, दाबला की तार सरसर पुढे येई, ठिणगी पडे आणि तार वितळून लोखंडात मिसळून जाई.

हे काम त्याला एका म्हाताऱ्या उस्तादाने शिकवलं होतं. उस्ताद म्हणत, "आधी लोखंड घास, पांढरं दिसेपर्यंत घास. जाड लोखंडाला ताप जास्त, पातळाला कमी. तारेचा वेग तापाला जुळला पाहिजे. आणि खरा जोड लावण्याआधी एक जोड भंगाराच्या तुकड्यावर लाव, तो हातोड्याने मोडून बघ."

पुष्कळ वर्षं हैबतीने हे सगळं केलं. संध्याकाळी नळीच्या तोंडाला चिकटलेले थेंब खरवडायचे, रीळ ओल लागू नये म्हणून कापडात गुंडाळायचं आणि मगच घरी जायचं, असा त्याचा नेम होता. त्याचे जोड सुटत नसत. हळूहळू त्याचं नाव झालं. लोक दुकानापुढे उभे राहून म्हणत, "काय रेघ ओढलीय! जणू मण्यांची माळ." हैबतीला ते ऐकायची सवय लागली. ज्या कामाकडे कुणी बघत नाही, ते मग एकेक करून सुटत गेलं.

त्या गावाला पूल नव्हता. नदीवर आडवा लोखंडी दोर बांधला होता आणि त्यावर सरकणाऱ्या कडीला साखळदंडाने अडकवलेला एक तराफा माणसांना पैलतीरी नेई. तो तराफा साळूआक्का ओढत असे. एके दिवशी कडी झिजली म्हणून साखळदंडाची जी लोखंडी पट्टी कडीला जोडलेली असे, ती घेऊन ती हैबतीकडे आली.

हैबती तेव्हा देवळाचं नाजूक फाटक जोडत होता. भोवती बघे जमले होते.

"हैबती, नीट बघून कर हो," साळूआक्का म्हणाली. "माणसं हिच्या भरवशावर पाण्यात उतरतात."

"आक्का, माझा जोड कधी सुटलाय का?" तो हसून म्हणाला.

पट्टी जाड होती आणि गंजलेली होती. मशीन मात्र फाटकाच्या पातळ नळ्यांसाठी लावलेलं होतं. हैबतीने गंज घासला नाही, ताप वाढवला नाही. नवी कडी ठेवली आणि रेघ ओढली. रेघ फार सुंदर आली.

पंधरा दिवसांनी भर पाण्यात ती कडी सुटली. तराफा आडवा झाला. त्यावर नऊ माणसं होती. साळूआक्काने सुटलेला साखळदंड स्वतःच्या हाताला गुंडाळला, दुसऱ्या हाताने दोराला मिठी मारली आणि माणसं एकेक करून दोर धरत काठच्या खडकावर पोचेपर्यंत पकड सोडली नाही. नऊच्या नऊ वाचली. साळूआक्काचा उजवा हात मात्र कायमचा गेला.

गाव म्हणालं, "नदीलाच जोर फार होता."

हैबतीने पट्टी उचलून पाहिली. सुकलेल्या चिखलाचा पोपडा उडावा तसा जोड उडाला होता. खाली जुना गंज जसाच्या तसा होता. जोड लोखंडात उतरलाच नव्हता.

त्याने पट्टी चावडीवर नेऊन सगळ्यांपुढे ठेवली. "नदीचा दोष नाही. हे माझं काम आहे."

एक जण हळूच म्हणाला, "अरे, गप्प राहिला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"या वर्षात असे किती जोड मी लावलेत, ते मला आठवत नाही," हैबती म्हणाला. "म्हणून गप्प राहता येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो हातोडा घेऊन घरोघर फिरला. स्वतःचा प्रत्येक जोड ठोकून पाहिला. अकरा जोड निसटले. त्यातला एक पाळण्याच्या आकड्याचा होता, आणि त्या पाळण्यातून निजलेलं बाळ नुकतंच उचलून घेतलं होतं. हैबती तिथेच उंबऱ्यावर बसला. मग उठून त्याने आकडा उतरवला आणि अकराही जोड नव्याने लावले.

शेवटी तो साळूआक्काकडे गेला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"आक्का, तुझा हात मी देऊ शकत नाही."

"नाही देऊ शकत," ती म्हणाली. त्याला माफ केलं असं काही ती बोलली नाही. मग म्हणाली, "तराफा बंद पडलाय. पलीकडची माणसं अडकलीत. नवी कडी जोड. मी समोर बसते."

तिच्या नजरेखाली हैबतीने पट्टी पांढरी होईपर्यंत घासली, भंगारावर जोड लावून मोडून पाहिला, आणि मग कडी जोडली. त्या दिवशी बघायला दुसरं कुणी आलं नव्हतं. पुढे तराफा साळूआक्काची जाऊ ओढू लागली. हैबतीचं पूर्वीचं नाव काही परत आलं नाही, पण त्याच्या हातून पुन्हा कुणाचा जीव धोक्यात आला नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, कामाचा जो भाग कुणाला दिसत नाही, त्याच भागावर दुसऱ्याचा जीव विसंबून असतो.