पोकळ ओंडक्यावरचा ठसा

सागाच्या रानाला लागून एक गाव होतं, आणि त्या गावात लाकडं मोजणारा एक मापाडी होता. तो दोरीने ओंडक्याचा घेर घ्यायचा, काठीने लांबी घ्यायचा आणि हातोडी ठोकून आतला आवाज ऐकायचा. आत पोकळी निघाली, तर तेवढं माप वजा करायचा. मगच त्याच हातोडीच्या दुसऱ्या तोंडाने आपला ठसा मारायचा. तो ठसा दिसला की सुतार पुन्हा तपासतसुद्धा नसत, एवढा विश्वास!

एकदा ओढ्यावर लाकडी साकव घालायचं ठरलं. त्यासाठी भलामोठा ओंडका आणला कुणी, तर मापाड्याच्या व्याह्यांनीच. मापाड्याने हातोडी ठोकली. आवाज बद्द आला.

"अहो व्याहीबुवा," व्याही म्हणाले, "सोयऱ्याच्या लाकडावर कसली ठोकाठोक? मारा की ठसा!"

काय करील बिचारा! पोटची पोर त्यांच्या घरात नांदत होती. घेर खरा सांगितला, लांबी खरी सांगितली, पोकळी मात्र गिळून टाकली. ठसा मारला आणि घरी आला.

साकवाची तुळई बसवायच्या दिवशी लेक माहेरी आली होती. बाप पानावर बसला, पण घास उतरेना. तिने खोदून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. "तुझ्यापायी गप्प बसलो गं," तो म्हणाला.

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही बोललात तर मला सासरी बोलणी बसतील. ती मी खाईन. पण उद्या कुणाची लेक त्या साकवावरून खाली गेली, तर तिच्या बापाला काय सांगाल? माझं नाव?"

मापाडी भरल्या ताटावरून उठला. ओढ्यावर नारळ फुटायच्या बेतात होता. "थांबा!" तो ओरडला. "माझा ठसा खोटा आहे!"

सुताराने करवत लावली. वरून निबर दिसणारा ओंडका आतून वाळवीने पार खाल्ला होता. व्याह्यांनी तिथेच तोंड फिरवलं. पंचांनी ठशाची हातोडी मागितली, तीही त्याने त्यांच्या पुढ्यात ठेवली.

पुढे चांगल्या सागाचा साकव झाला. पण लेकीला कितीतरी वर्षं सासरच्यांनी माहेरी धाडलं नाही. सण आला की म्हातारा ओढ्याकाठी जाऊन बसे. परक्यांच्या लेकी कडेवर पोरं घेऊन साकवावरून येत. "जपून गं बायांनो," तो म्हणे, आणि डोळे पुसून घरी जाई.

तात्पर्य एवढंच: मापात नात्याची भीड धरली, की तिचा भार परक्याच्या जिवावर पडतो.