टिचकूनं काढली दुकानाची कडी

एक होता टिचकू.

टिचकू म्हणजे कोण, माहितीये? कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक इवलासा पांढरा बाण पळतो ना, तोच! नाक टोकदार, शेपटी आखूड. दिवसभर नुसती पळापळ. सर सर टिक! सर सर टिक!

कॉम्प्युटर होता रेवाच्या घरी. रेवा पाच वर्षांची. रेवाचे बाबा मोठ्या बोटीवर कामाला. बोट आज बंदरात उभी होती. पाच वाजता निघणार होती. एकदा निघाली की महिनाभर फोन नाही, फोटो नाही, काही नाही.

"मी बाबांना दिवाळीच्या कंदिलाचं चित्र काढून पाठवणार," रेवा म्हणाली. "लाल, निळा, पिवळा, हिरवा!"

"पाठव की," आई म्हणाली. आई चकल्या पाडत होती. "पण पाचच्या आत हं, बाई. आता जरा डोळे मीट बघू."

रंग कुठे होते? रंग दुकानात होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक दुकान होतं. खेळ तिथे, गाणी तिथे, रंगपेट्याही तिथेच.

रेवा झोपली. टिचकू जागाच.

घरात दिवाळीची साफसफाई झाली होती. आईनं माळा झाडला. आईनं डबे घासले. टिचकूला वाटलं, आपणही करू साफसफाई. झालं! सुटला की हो टिचकू!

हे काय? जुनं चित्र. टाक! सर सर टिक!
हे काय? जुना खेळ. टाक! सर सर टिक!
आणि हे काय? एक कडी.

एवढीशी कडी. दुकानाच्या दाराला अडकवलेली. हलत नाही, डुलत नाही.

"तू गं काय करतेस इथे?" टिचकूनं विचारलं.

"मी इथे असते," कडी म्हणाली.

"नुसती लटकतेस! कामाची ना धामाची!"

तेवढ्यात समोर एक पाटी आली. पाटीवर लिहिलं होतं, 'थांब! कडी काढलीस, तर...' पुढे बरंच काही होतं. टिचकूनं वाचलंच नाही. अरे, वाचायचं ना रे! पण नाही. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा!

"हो हो हो!" टिचकू म्हणाला. टिक!

कडी निघाली. टण्ण! केराच्या टोपलीत पडली.

आणि दुकानाचं दार? खड खड खड धाड! खालीच आलं.

रेवा उठली. डोळे चोळत आली. दुकान बंद!

"माझे रंग!" रेवा म्हणाली. रेवा बसली मुसमुसत.

टिचकू जवळच होता. 'मी काढली,' एवढंच सांगायचं होतं. दोनच तर शब्द! पण टिचकू काय म्हणाला?

"कडी हरवली वाटतं!"

हरवली म्हणे! आपल्याला ठाऊक आहे ना? श्श! बोलू नका. बघू या काय करतो ते.

टिंग! घड्याळात वाजले तीन.

टिचकू पळाला. सर सर टिक! सर सर टिक! दुकानापाशी आला.

"दुकानदादा, दुकानदादा, दार उघड ना!
रंगपेटी मिळत नाही,
रेवा बसली मुसमुसत.
कडी हरवली हो, कडी हरवली!"

दुकानदादा म्हणाला, "मी नाही उघडत जा! कडीशिवाय दार राहत नाही वर. आधी टोपलीबाईंनी कडी देऊ दे."

टिचकू पळाला. सर सर टिक! सर सर टिक! टोपलीबाईंकडे आला. टोपलीबाईंचं पोट फुगलेलं, तोंड गच्च मिटलेलं.

"टोपलीबाई, टोपलीबाई, तोंड उघडा ना!
दुकानदादा दार उघडत नाही,
रंगपेटी मिळत नाही,
रेवा बसली मुसमुसत.
कडी हरवली हो, कडी हरवली!"

"हरवली?" टोपलीबाई म्हणाल्या. "मग माझ्या पोटात कशी आली रे?"

टिचकूनं शेपटी लपवली. चोराच्या मनात चांदणं!

"बरं बाबा, असो," टोपलीबाई म्हणाल्या. "पण मी नाही उघडत जा! आधी चावीमावशीला फिरू दे."

टिंग! घड्याळात वाजले साडेतीन.

टिचकू पळाला. सर सर टिक! सर सर टिक! चावीमावशीकडे आला. मावशी खुंटीवर आरामात झुलत होती. किण किण, किण किण.

"चावीमावशी, चावीमावशी, जरा फिर ना!
टोपलीबाई तोंड उघडत नाहीत,
दुकानदादा दार उघडत नाही,
रंगपेटी मिळत नाही,
रेवा बसली मुसमुसत.
कडी हरवली हो, कडी हरवली!"

"अगं बाई! कुठली कडी? नाव काय तिचं?" मावशीनं विचारलं.

टिचकूला नाव माहीतच नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं ना!

"मग मी नाही फिरत जा!" चावीमावशी म्हणाली. "आधी यादीआजोबांनी नाव शोधू दे."

टिंग! घड्याळात वाजले चार.

टिचकू पळाला. सर सर टिक! सर सर टिक! यादीआजोबांकडे आला. आजोबा लांबच लांब. घामानं डबडबलेले.

"यादीआजोबा, यादीआजोबा, पान उलटा ना!
चावीमावशी फिरत नाही,
टोपलीबाई तोंड उघडत नाहीत,
दुकानदादा दार उघडत नाही,
रंगपेटी मिळत नाही,
रेवा बसली मुसमुसत.
कडी हरवली हो, कडी हरवली!"

"हुश्श!" आजोबा म्हणाले. "अंगाची नुसती लाही होतेय रे बाळा. मी नाही उलटत जा! आधी पंखेकाकांनी वारा घालू दे."

टिचकू पळाला. आता दमला होता बिचारा. सर... सर... टिक. सर... सर... टिक. पार आतमध्ये गेला, पंखेकाकांकडे.

अरे देवा! तिथे ही धूळ! साफसफाई केली म्हणे टिचकूनं! धूळ तशीच राहिली आणि कडी मात्र बाहेर!

"पंखेकाका, पंखेकाका, वारा घाला ना!
यादीआजोबा पान उलटत नाहीत,
चावीमावशी फिरत नाही,
टोपलीबाई तोंड उघडत नाहीत,
दुकानदादा दार उघडत नाही,
रंगपेटी मिळत नाही,
रेवा बसली मुसमुसत.
कडी हरवली हो, कडी हरवली!"

"आ... आ... आच्छी!" पंखेकाका शिंकले. "नाकात धूळ गेलीय माझ्या. मी नाही फिरत जा! आधी रेवानं फुंकर मारू दे."

रेवानं?

रेवानं!

टिंग! घड्याळात वाजले साडेचार.

टिचकूला रेवाकडे जायचंच नव्हतं. दुसऱ्या कुणाहीकडे गेला असता तो. पण करतो काय! सर... टिक. सर... टिक. हळूहळू, मान खाली घालून, पडद्याच्या पुढे आला.

रेवा तिथेच बसली होती. गालांवर ओघळ सुकले होते.

"रेवा, रेवा, फुंकर मार ना!
पंखेकाका वारा घालत नाहीत,
यादीआजोबा पान उलटत नाहीत,
चावीमावशी फिरत नाही,
टोपलीबाई तोंड उघडत नाहीत,
दुकानदादा दार उघडत नाही,
रंगपेटी मिळत नाही,
रेवा बसली मुसमुसत.
कडी हर... कडी हर..."

रेवा त्याच्याकडेच बघत होती.

"कडी हरवली नाही," तो म्हणाला. "मी काढली. मीच. चुकलं माझं, रेवा."

रेवा पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "मघाशीच का नाही सांगितलंस? मघाशी किती वेळ होता!"

खरंच की! फुंकर तर रेवाकडेच होती. पहिल्यापासून तिच्याकडेच होती. टिचकूला फार फार वाईट वाटलं.

टिंग! पावणेपाच.

रेवानं नाक पुसलं. गाल फुगवले. कॉम्प्युटरच्या जाळीपाशी तोंड नेलं. आणि...

फूऽऽऽ!

धूळ उडाली. पंखेकाका फिरले. भुर्र भुर्र भुर्र!
पंखेकाका फिरले, यादीआजोबा गार झाले. सळसळ सळसळ!

"सापडलं!" आजोबा म्हणाले. "तिचं नाव जोडकडी."

नाव सापडलं, चावीमावशी फिरली. कट्ट!
चावीमावशी फिरली, टोपलीबाईंनी तोंड उघडलं. कर्रर्र!
टोपलीबाईंनी तोंड उघडलं, आणि आतून दिसली कडी.

केरात बसली होती. अंगाला धूळ लागली होती. बाहेर यायला तयारच नव्हती.

"जोडकडीताई," टिचकू म्हणाला. "चल ना गं. चुकलं माझं."

"तू म्हणालास, मी नुसती लटकते," कडी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी लटकत नव्हते रे. मी दार धरून होते."

टिचकू जवळ गेला. त्यानं नाकाच्या टोकानं तिची धूळ पुसली. एकदा पुसली, दोनदा पुसली. मग कडी उठली. दोघं हळूच दुकानापाशी गेली.

टक्क! कडी बसली.
खड खड खड खडाड! दार वर गेलं.
"घे रे बाबा," दुकानदादा म्हणाला. आणि टिचकूच्या पाठीवर रंगपेटी ठेवली.

सर सर टिक! सर सर टिक! घे गं रेवा, रंग घे!

रेवानं पटापट कंदील काढला. हा मोठ्ठा! मग त्याला एक शेपटी काढली. शेपटीत पिवळा रंग भरला. आता लाल घेणार, एवढ्यात...

"रेवा, पाठव गं!" आई हात पुसत धावत आली. "दोनच मिनिटं राहिली!"

"पण लाल राहिला! निळा राहिला! हिरवा राहिला!"

"राहू दे, राजा. आहे तसा पाठव. बोट निघेल बघ."

टिक! कंदील गेला. सुंईऽऽ!

टिंग! घड्याळात वाजले पाच. आणि फोनही वाजला. बाबाच होते.

"पोचला गं कंदील! पिवळी शेपटी झकास! पण बाकीचे रंग कुठे गेले?"

रेवानं टिचकूकडे बघितलं. टिचकूनं डोळे मिटून घेतले.

"राहिले, बाबा," रेवा म्हणाली. एवढंच म्हणाली.

"असू दे, असू दे. मी आलो की आपण दोघं मिळून..."

भोंऽऽऽऽ! बोट निघाली. फोन बंद झाला.

आई रेवाला जवळ घेऊन बसली. टिचकू पडद्याच्या कोपऱ्यात बसला. तोही रडला थोडासा. बाणांना रडू येतं का? त्या दिवशी आलं बाई.

थोड्या वेळानं रेवा म्हणाली, "टिचकू, तो कंदील टाकू नकोस हं. साफसफाई केलीस तरी नाही."

"नाही टाकणार," टिचकू म्हणाला. "कध्धीच नाही."

तेव्हापासून टिचकू सकाळी उठला की आधी दुकानापाशी जातो.

"जोडकडीताई, बरी आहेस ना?"

"बरी आहे रे."

समोर पाटी आली की वाचतो. हळूहळू, पार शेवटपर्यंत. मग कंदिलाजवळ जाऊन बसतो. शेपटी पिवळी, बाकी सगळा पांढरा. रेवाही येऊन बसते. दोघं मिळून बाबांची वाट बघतात.

दारावर कडी, टक्क!
आमची गोष्ट, गप्प!